सासूबाईंची दमणी

परवा सकाळी अंगणात भात वाळत घालत होते, तोच मागच्या आळीतून गोवऱ्यांच्या धुराचा वास आला. पाठोपाठ घणाचे ठोके ऐकू आले आणि मग तापल्या लोखंडावर पाणी पडल्याचा तो चर्र आवाज. कुणाच्या तरी गाडीच्या चाकाला धाव चढत होती. लोखंडाची गोल पट्टी लाल होईस्तोवर तापवायची, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि वर घागरी रिकाम्या करायच्या, की ती आवळून बसते. पाऊस गेला, रस्ते सुकले, गाड्या बाहेर निघाल्या. आश्विन सरता सरता हे दर वर्षी होतंच, आणि दर वर्षी मी हातातलं सूप खाली ठेवून उभी राहते. माझी धाकटी लेक म्हणते, आईच्या डोळ्यांना धूर सोसत नाही. म्हणू दे बापडी.

आता आम्ही ठाण्यात राहतो. माझं सासर कल्याणचं, शेणाळे तलावाच्या काठचं. नऊ वर्षांची असताना मी त्या घरात आले ती सासूबाईंच्या दमणीत बसून. हल्लीच्या मुलींना दमणी म्हटलं की नुसती छपराची बैलगाडी वाटते. आमच्या दमणीची बैठक लाकडावर टेकलेली नव्हती. चारी कोपऱ्यांना सुंभाचे जाड पीळ बांधून ती मधल्या मधे टांगलेली होती. चाक दगडावर चढलं तरी दणका त्या सुंभातच जिरून जाई, बसणाऱ्याला नुसता झुलल्याचा भास व्हायचा. सासूबाईंच्या माहेरच्यांनी ती करवून पाठवली होती. घरातल्या किती लेकी तिच्यातून बाळंतपणाला आल्या आणि बाळं घेऊन परत गेल्या, याचा हिशोब सासूबाईंनाच ठाऊक. मी रडत रडत तिच्यात चढले आणि दोन कोसांत झोपी गेले, एवढं मात्र मला पक्कं आठवतं.

सासूबाई गेल्या आणि मामंजींनी दमणीकडे पाठ फिरवली. माझे सासरे कल्याणच्या कचेरीतून कारकुनी करून घरी बसलेले, करारी म्हणून गावात प्रसिद्ध. पण दमणी ठेवलेल्या पडवीत जायला त्यांचे पाय धजेनात. दमणीवर गवताच्या पेंढ्या पडल्या, छपराचं कापड उंदरांनी नेलं, बैठकीवर मांजर व्यालं. तीन वर्षं अशी गेली. मधल्या साली माझी नणंद वेणू पहिलटकरीण म्हणून माहेरी यायची होती. तिचं सासर मुरबाडला. तिकडे तेव्हाही आगगाडी नव्हती, आजही नाही. मामंजींनी भाड्याचा खटारा धाडला. नऊ कोस ती त्या खटाऱ्यात आदळत आली, आणि घरी पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. बाळ डोळेसुद्धा न उघडता गेलं. वेणू वन्सं माझ्याच वयाच्या, माझ्याशी चिंचोके खेळलेल्या. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. खटाऱ्याबद्दल कुणी मामंजींना चकार शब्द बोललं नाही. त्यांनी स्वतःला काय काय ऐकवलं असेल ते त्यांनाच माहीत.

मी ज्या सालाबद्दल सांगते आहे, त्या साली श्रावणात मुरबाडहून पत्र आलं. वेणूला पुन्हा दिवस गेले होते. व्याह्यांनी सरळ लिहिलं होतं की, कार्तिकात सातवा आहे, न्यायचं तर हादरा लागणार नाही अशा वाहनातून न्या, नाहीतर मुलगी इथेच राहील. वेणूनं मात्र खाली वेड्यावाकड्या अक्षरात एकच ओळ घातली होती. ‘आप्पा, मला इथे भीती वाटते.’

मामंजींनी पत्र उभ्यानंच वाचलं. मग ओसरीच्या खांबाकडे बघत म्हणाले, “सूनबाईंना सांगा, पडवीतलं गवत काढवून घ्यायचंय.”

इथे जरा थांबून सांगायला हवं. त्या काळी सुनेनं सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही अशी रीत. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत चालत. त्या गेल्यावर मामंजी खांबाला सांगत आणि मी आतून ऐके. “आज आमटी जरा खारट झाली हो,” हे खांबाला. “शनिवारी चार पाहुणे जेवायला आहेत,” हेही खांबाला. माझा होकार असला तर मी बांगड्या वाजवी, नकाराची सोयच नव्हती. नऊ वर्षं एका घरात राहून मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते. आज हसू येतं. तेव्हा ते इतकं अंगवळणी पडलेलं की काही वाटतसुद्धा नसे.

आंबिवलीहून धर्मा सुताराला बोलावणं गेलं. दमणी मूळ त्याच्या बापानं बांधलेली. तो आला, पेंढ्या काढल्या, गाडीभोवती फिरला, खाली वाकला, कण्यावर थाप मारली आणि म्हणाला, “वरचा समदा गेलाय, पन हाडा शाबूत हायेत.”

“धर्मा,” मामंजी म्हणाले, “होती तशी हवी. खिळा जिथे होता तिथेच खिळा. नवं काही सुचवायचं नाही.”

मग पडवीत एक वेगळाच संसार सुरू झाला. रंध्याचा आवाज, सागाच्या ढलप्यांचा वास, अळशीचं तेल तापवल्याची उग्र दर्प येणारी वाफ. अंगणात दुर्वा तोडायला म्हणून मी दिवसातून चारदा जाई. आमच्या गणपतीला त्या वर्षी दुर्वांची कधी कमी पडली नाही. बैठकीच्या सांदीतून तीन सुपाऱ्या, एक गंजलेली सुई आणि पसाभर चिंचोके निघाले. चिंचोके आमचेच असणार. मी ते धुऊन ठेवून दिले.

रंगावरून तर मोठी गंमत झाली. मामंजी म्हणत दमणी हिरवी होती. इकडून, म्हणजे आमच्या घरच्यांकडून, नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही तेव्हा वाचणाऱ्यानं समजून घ्यावं, ती पिवळी असल्याचं ठासून सांगणं झालं. इकडची नोकरी ठाण्यात कलेक्टर कचेरीत, घरी येणं रविवारपुरतं, आणि तेवढ्यात बापाशी एक वाद झालाच पाहिजे. धर्मानं काचेच्या तुकड्यानं कड खरवडली तर वर हिरवा, त्याखाली पिवळा आणि सगळ्यात खाली गेरूचा तांबडा. सासूबाई दर मोठ्या कार्याला रंग बदलून घेत असाव्यात. म्हणजे ‘होती तशी’ म्हणजे कधीची? मामंजी बराच वेळ त्या खरवडलेल्या जागेवर बोट ठेवून उभे होते. शेवटी म्हणाले, “तांबडा. ती आली तेव्हाचा.” आणि उपरण्यानं नाक पुसत मागल्या दारी गेले.

दुसऱ्या रविवारी इकडून सुचवणं झालं, “आप्पा, मुंबईत आता स्प्रिंगच्या, लोखंडी कमानींच्या गाड्या निघाल्यात. दोन कमानी बसवू. वेणूला पाळण्यात बसल्यासारखं वाटेल.”

“तुझ्या आईच्या गाडीला लोखंड नको.”

“मग चाकाला आहे ते?”

“ते आधीपासून आहे.”

माजघरात पाणी प्यायला येऊन माझ्याजवळ हळूच बोलणं झालं, “सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही.” मी पदर तोंडात कोंबून हसले. पण खरं सांगते, मला मामंजींचंच पटत होतं. ज्या गाडीनं कधी दगा दिला नाही तिच्यावरच त्या बापाचा जीव विसंबायला तयार होता, दुसऱ्या कशावर विसंबायचं धैर्य त्याच्यात उरलं नव्हतं.

सुंभ नवे आले, पण बैठक काही जमेना. सैल बांधली की डोलायची, ताठ बांधली की दणके खायची. धर्माच्या बापाला ते माप ठाऊक होतं, धर्माला नव्हतं. मला ठाऊक होतं. सासूबाई दर साली सुंभ बदलून झाले की काठोकाठ भरलेला तांब्या बैठकीवर ठेवून गाडी अंगणभर फिरवायला लावत आणि पाणी सांडेना होईस्तोवर पीळ कमी-जास्त करवीत. हे मी खिडकीतून कितीदा पाहिलेलं. पण सांगणार कशी? धर्मा परका पुरुष, आणि मामंजींचा हा प्रकार. दोन दिवस जीव नुसता तळमळत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मामंजी वामकुक्षीला गेल्यावर मी तांब्या भरला आणि दमणीच्या बैठकीवर मधोमध ठेवून आले.

संध्याकाळी खांबाला काहीच सांगणं झालं नाही. मी दाराच्या फटीतून पाहिलं. मामंजी तांब्यासमोर उभे होते. मग त्यांनी धर्माला हाक मारली आणि गाडी ओढायला लावली. पाच दिवस अंगणात पाणी सांडत होतं. सहाव्या दिवशी थेंब सांडला नाही.

आता मामंजींच्या एका चुकीबद्दल सांगते. त्या साली पाऊस हटेचना. हत्तीचा पाऊस घटस्थापनेलाही कोसळत होता. आणि मामंजींनी धरलेलं की दसऱ्याला दमणी पुरी उभी राहून तिची पूजा झाली पाहिजे. सासूबाईंच्या वेळी तसंच होई. धर्मानं हात जोडले.

“आप्पा, लाकूड पानी पिऊन फुगलाय. आता धाव चढवली तं आज घट बसल, न उन्हानी लाकूड आटला का सैल व्हईल. दिवाली जाव द्या.”

“वेणूची आई होती तोवर दसऱ्याला दमणी उभी नाही, असं एकदा तरी झालंय का?”

“नाय झाला. पन तवा बायसाब हुत्या, न पाऊसबी शाना हुता.”

मामंजींपुढे कुणाचं चालतंय! नवमीला धाव चढली. तलावाच्या काठी ओल्या गोवऱ्या पेटता पेटेनात, धुरानं सगळी आळी खोकत होती. दसऱ्याला तांबडी दमणी, वर नव्या खारव्याचं छत, दांड्यांना झेंडूच्या माळा, चाकांवर हळदीकुंकू. इतकी देखणी दिसत होती की मला वाटलं, आता आतून सासूबाई उतरतील. रडू आवरेना म्हणून मी आपट्याची पानं आणायच्या निमित्तानं आत पळाले.

या दिवसांतल्या उन्हाचं मला अजून नवल वाटतं. चार महिने भिजलेलं जग ते पंधरा दिवसांत कडकडीत करून टाकतं. भाताचे दाणे दाताखाली टणकन् वाजू लागतात, फुगलेली दारं आपोआप लागू लागतात, ओट्यावरच्या शेवाळाचे पोपडे निघतात. माझी आई म्हणायची, या उन्हात काळवीटसुद्धा काळं पडतं. परवा भात ढवळताना हातावर तेच ऊन होतं आणि मी पुन्हा अठरा वर्षांची होऊन शेणाळ्याच्या काठी उभी होते.

भाऊबीज झाली आणि आम्ही निघालो. लेकीला आणायला घरातली बाई हवी, सासूबाई नाहीत, म्हणून मी. निघताना धर्मानं चाक हातोडीनं ठोकून पाहिलं, आवाज ऐकून तोंड वाकडं केलं, दोन पाचरी मारल्या आणि बैलांच्या कासऱ्याला हात घालत म्हणाला, “मी येतो संगती.” जाताना काही झालं नाही. पण मुरबाडला व्याह्यांच्या अंगणात दमणी दोन दिवस उन्हात उभी राहिली.

परत निघालो तेव्हा वेणू माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. गाडी झुलत होती. “वहिनी, अगदी आईच्या वेळेसारखं गं,” ती म्हणाली आणि हसली. कोसभरानं मला टक् टक् ऐकू येऊ लागलं. मामंजी पुढे बसले होते, त्यांची पाठ ताठ झाली. त्यांनाही ऐकू आलं होतं. रायते गावापाशी नदीच्या उतारावर धर्मानं गाडी थांबवली, खाली उतरला आणि धाव हातानं हलवून दाखवली. ती बांगडीसारखी फिरत होती.

“वेळंवर थांबलो. नदीत उतरलो असतो तं चाक उकाललाच असता.”

 मामंजींचा चेहरा मला अजून दिसतो. पुन्हा तोच रस्ता, तीच लेक, आणि चूक पुन्हा त्यांचीच. धर्मानं आम्हां दोघींना करंजाच्या सावलीत बसवलं, कण्याखाली दगड रचले, चाक काढलं आणि गडगडत नेऊन नदीत आडवं टाकलं. वर दोन धोंडे ठेवले. “पिव दे पानी. उना उतरंपरत घट व्हईल,” म्हणाला आणि चाकाशेजारी पाण्यातच उकिडवा बसला.

बाकी काही करण्यासारखं नव्हतं. आम्ही दशम्यांची शिदोरी सोडली. वेणूनं दोन घास घेतले आणि पुरे म्हणाली. मग पोटावर हात ठेवून, डोळे मिटून गप्प पडली. मामंजी लांब एका धोंड्यावर बसून आमच्याकडे बघत होते. उठले, पाण्यापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. बैलांपाशी थांबून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मला कळत होतं त्यांना काय विचारायचंय. ते विचारायचं सासूबाईंना, आणि सासूबाई नव्हत्या. खांब नव्हता. धर्मा पाण्यात. शेवटी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले, नजर जमिनीकडे, आणि इतक्या हळू म्हणाले की नदीच्या आवाजात जेमतेम ऐकू आलं.

“सूनबाई... हलतंय ना?”

इथे बांगड्या वाजवून भागणार नव्हतं.  नऊ वर्षं गिळलेला आवाज कुठून काढायचा ते कळेना.

“हलतंय, मामंजी.”

ते मटकन् खालीच बसले. उपरणं तोंडावर घेतलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. वेणूनं डोळे न उघडताच म्हटलं, “आप्पा, तुमच्या बैलांपेक्षा द्वाड आहे हो. लाथा मारून मारून झोपू देत नाही.” मग आम्ही तिघंही रडत होतो की हसत होतो, मला सांगता यायचं नाही. त्यानंतर उन्हं कलेपर्यंत आम्ही बोलत बसलो. मामंजींनी मला विचारलं, “तांब्याचं तुम्हाला कसं ठाऊक?” मी सांगितलं. आमटी मुद्दाम खारट करत नव्हते, हेही सांगून टाकलं. ते सासूबाईंबद्दल बोलले. त्या लग्नात किती बारीक होत्या, दमणीतून उतरताना कशा अडखळल्या, आणि सगळ्यांदेखत हात दिला म्हणून मामंजींना त्यांच्या स्वतःच्या वडिलांनी कसं झापलं. वेणूलाही हे ठाऊक नव्हतं. नदीत चाक पाणी पीत होतं. एवढी मोठी दुपार मला पुन्हा कधी मिळाली नाही.

धाव घट्ट झाली. आम्ही दिवेलागणीच्या आत कल्याणात पोचलो. पौषात वेणूला मुलगी झाली. रडणं असं खणखणीत की शेजारच्या आळीतून बायका विचारायला आल्या.

चैत्रात वेणू बाळाला घेऊन सासरी निघाली. आदल्या दिवशी मामंजींनी धर्माला बोलावणं धाडलं नाही, त्याचा भोकं पाडायचा सामता तेवढा मागवून घेतला. पडवीतून लाकडात भोक पाडल्याचा आवाज येऊ लागला, तशी मी धावत गेले. दमणीच्या छपराच्या आडव्या दांडीला, जिला खिळासुद्धा मारू दिला नव्हता तिला, ते स्वतः भोकं पाडत होते. एक पाडून झालेलं. कपाळावरून घाम ओघळत होता.

“झोळी बांधायला,” ते म्हणाले. “उन्हातून इतक्या लांब मांडीवर किती वेळ धरणार ती पोर?”

“धर्माला बोलावू या का?”

“कशाला?”

कारकुनी केलेले हात. दुसरं भोक तीन बोटं खाली गेलं. झोळी बांधली तर ती एका अंगाला कलली. मामंजी पुन्हा सामता घेऊन उठले, तेव्हा वेणू म्हणाली, “राहू द्या हो आप्पा, तिला चालेल.” सकाळी बाळाला झोळीत घातलं, वेणू बसली, दमणी निघाली. वेशीपर्यंत सोडून येतो म्हणून निघालेले मामंजी, छताखाली हात घालून झोळीची कललेली बाजू तळव्यावर तोलून धरत, त्या उन्हात गाडीशेजारून पार शहाडच्या पुढे चालत गेले.